बसल्याची खूण

१

तीन दिवस त्याच त्या माणसांबरोबर चाललं की त्यांच्याविषयी नको ते सगळं कळतं. माझा भाऊ सायल सकाळी उठला की आधी बूट उलटे करून दगडावर आपटतो. विंचू शोधतो, आणि विंचू निघाला नाही की जरा हिरमुसतो. त्याची बायको रबीहा डोक्यावरचं पांघरूण निघायच्या आत बोलायला सुरुवात करते. तोवर आमचा वाटाड्या अबू फ्रैज नमाज आटपून, राखेत भाकर भाजून, गाढवीशी दोन गोष्टी बोलून मोकळा झालेला असतो. गाढवीचं नाव जोरिया, म्हणजे गुलाब. वासावरून ठेवलेलं नसावं.

फैनानहून निघाल्याला तो चौथा दिवस. दुपारपर्यंत पेट्राजवळच्या बैदाला पोचायचं होतं. तिथं सायलचा मुलगा रअद पिकअप घेऊन थांबणार होता आणि आम्ही पेट्रापर्यंत चालत आलो असं पुढं आयुष्यभर सांगायला मोकळे होणार होतो. ऊन चावायचं थांबलं होतं. रानकांद्याचे पांढरे तुरे जिथं तिथं जमिनीतून वर आले होते. चालायला याहून चांगले दिवस आमच्याकडे वर्षात नाहीत.

ही पायपीट माझी कल्पना होती. वसंतात सायलच्या छातीत स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, चाला. तो चालायचाही, पण घरापासून मिठाईच्या दुकानापर्यंत. शेवटी मीच म्हटलं, चल, पेट्राला जाऊ. रबीहा हसत म्हणाली होती, "वज्दान, याला काही झालं तर मी तुझं तोंड बघणार नाही." हसत म्हणाली, पण गंमत म्हणून नव्हे, हे मला कळलं होतं.

म्हणून मी रोज सकाळी घड्याळ लावून त्याची नाडी मोजायचे. मी तफीलाच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. मला भुताखेतांची भीती वाटत नाही. मला भीती वाटते उत्तर न जुळण्याची.

"किती?" सायलनं विचारलं.

"बहात्तर."

"बहात्तर! तरणाताठा आहे मी. उम्म रअद, चहात साखर घाल." मुलाच्या नावावरून आमच्याकडे आई उम्म होते आणि बाप अबू.

"तरण्याताठ्यांना बिनसाखरेचाच देतात," रबीहा म्हणाली.

२

अबू फ्रैज सव्वीस वर्षं वाळवंटी पोलिसांत पागी, म्हणजे पावलांवरून माग काढणारा होता. चोरट्या मालाच्या मागावर जायचा. आता चोर गाडीतून जातात, म्हणून तो आमच्यासारख्यांना वाट दाखवतो. पण सवय सुटलेली नाही. दुसरे लोक बसथांब्यावर वर्तमानपत्र वाचतात, तसा तो चालता चालता वाळू वाचतो. रात्री इथून कोल्हा गेला, त्याचं पोट भरलेलं होतं. ही बकरी गाभण आहे. हा मेंढपाळ कालपासून कुणावर तरी चिडलेला आहे. आम्हाला ते ऐकायची चटक लागली होती.

त्या सकाळी आम्ही एका कोरड्या ओढ्यात उतरलो आणि तो थबकला.

"आपल्या पुढं कुणीतरी आहे."

"किती जण?" सायलनं विचारलं.

"चार. आणि एक जनावर. आज पहाटे गेलेत." तो उकिडवा बसला. "एक पुरुष. वजनदार. उजवी टाच ओढतो. त्याच्या मागं बायको. दर शंभर पावलांवर ती पळत त्याच्या पुढं येते, तोंड वळवून समोर उभी राहते, मग पुन्हा मागं जाते."

"समोर उभी राहून काय करते?"

"पाय आपटते."

"बिचारी!" रबीहा कळवळली. "काय नवरा नशिबी आलाय."

"बिचारा म्हण," सायल म्हणाला. "त्याला वाटेत गाठायला हवं. दोन शब्द धीराचे बोलेन म्हणतो."

"तिसरी पण बाईच," अबू फ्रैज सांगत होता. "वाट सोडून कडेकडेनं चालते. डावं पाऊल बाहेर फेकते. मधेच उगाच थांबते. स्वतःला फार शहाणी समजत असावी."

"आता हे पावलावरून कसं कळलं?" मी विचारलं.

"पाय कुठं पडतोय ते बघत नाही, मास्तरीणबाई. एवढी अडखळते तरी बघत नाही. म्हणजे शहाणीच."

आम्ही पोट धरून हसलो. पुढं गेलेल्या अनोळखी माणसांची टिंगल करायला भलतीच मजा येते, कारण ती मागं वळून उत्तर देत नाहीत. सायलनं त्या पुरुषाचं नाव ढोल्या ठेवलं आणि बायकोचं नाव तोफ. अबू फ्रैज मात्र हसला नाही. तो चौथ्या माणसाच्या पावलांकडे बघत होता. टायरच्या वहाणा, लांब टांग. मग त्यानं स्वतःच्या वहाणांकडे बघितलं आणि तो पुढं झाला.

३

तासाभरानं एक रतमचं झुडूप लागलं. ढोल्याची पावलं वाटेवरून वळून झुडपाच्या मागं गेली होती.

"नैसर्गिक विधी," सायल म्हणाला. "पुढं चला."

"नाही," अबू फ्रैज म्हणाला. "पावलं बायकोकडे पाठ करून उभी आहेत. दोन्ही टाचा जवळजवळ. चोरून काहीतरी खाल्लंय." त्यानं बोट दाखवलं. मुंग्यांची रांग लागली होती आणि प्रत्येकीच्या तोंडात पांढरट कण होता. त्यानं एक कण बोटावर घेऊन चाखला. "हलवा. पिस्त्याचा."

"बघा!" रबीहा म्हणाली. "सगळे नवरे एकाच मातीचे. तिकडं ती बिचारी बिनसाखरेचा चहा..." आणि ती थांबली, कारण सायलचा हात खिशावर गेला होता.

पुढची दोन मिनिटं फार वाईट गेली. सायलच्या खिशातून कागदात गुंडाळलेला पिस्त्याचा हलवा निघाला. अख्खा. कडेचा एक कणही मोडलेला नव्हता.

"मी खाल्ला नाही! अल्लाहशपथ, अजून हात लावला नाही!"

"मग कशासाठी आणलात? वास घ्यायला?"

ती दोघं भांडत असताना मी खाली बघत होते. ढोल्याच्या उजव्या टाचेचा ठसा स्वच्छ उमटला होता. टायरचा चौकोनी तुकडा आणि त्यात तीन खिळे, मधला वाकडा. पायपिटीच्या दुसऱ्या दिवशी सायलच्या उजव्या बुटाचा तळ उचकटला होता. तेव्हा त्यानं तिथंच बसून, अबू फ्रैजच्या पिशवीतला टायरचा तुकडा दगडानं ठोकून बसवला होता. मधला खिळा वाकला म्हणून त्यानं त्या खिळ्याच्या आईचा उद्धारही केला होता. शेजारी बायकोचा ठसा होता. त्यात फुलाफुलांची नक्षी. पायाला फोड आल्यापासून रबीहा मोज्यांवर स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या सपाता घालून चालत होती.

मी माझं डावं पाऊल उचललं आणि कडेच्या ठशावर ठेवलं. ते नीट बसलं.

माझं डोकं लगेच कामाला लागलं. आपण चक्कर मारून परत इथंच आलो असू. पण सकाळपासून सूर्य डाव्या हाताला होता. कुणाचे तरी बूट तसेच असतील. तीन खिळ्यांसकट? वाकड्या मधल्यासकट? काल आलो असू आणि विसरलो असू. चार जण, एकदम? मी मान वर केली. अबू फ्रैज माझ्याकडे बघत होता. त्याला ओढ्यात उतरतानाच कळलं होतं. त्यानं हळूच जोरियाचा दोर खेचला आणि तिला त्या ठशांवरून चालवत नेलं. उरलेले मी बुटानं विस्कटले.

"वज्दान, काय करतेयस?" रबीहानं विचारलं.

"मुंग्या," मी म्हटलं.

हलवा जप्त झाला. रबीहा पाणी प्यायला वळली, तशी सायलनं तिच्या पिशवीतून तो परत काढला आणि झुडपाच्या मागं गेला. बायकोकडे पाठ, टाचा जवळजवळ. मी ओरडणार होते, पण ओरडून काय सांगणार?

४

पुढच्या वळणावर अबू फ्रैज म्हणाला, तुम्ही बसा, मी वाट बघून येतो. तो परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. एवढ्या चार दिवसांत मी त्याला घाम आलेला पाहिला नव्हता.

"जोरिया दमलीय," तो मोठ्यानं म्हणाला. मग त्यानं मला बाजूला घेतलं.

"मास्तरीणबाई, पुढं खिंड आहे. त्यात एक कपार आहे, खाली मऊ वाळू. चौघं आत गेलेत. तिघं बाहेर आलेत."

"चौथा कोण?" मी विचारलं. माहीत असूनही विचारलं.

"तुझा भाऊ."

"पडला? घसरला?"

"नाही. बसला. बुडाचा ठसा आहे, दोन्ही हात टेकल्याचा आहे. बसल्याची खूण आहे. उठल्याची नाही."

"मग तो गेला कुठं?"

"कुठं नाही. वाळूत तिथं काहीच नाही. सव्वीस वर्षं मी माणसं शोधली, जिवंत आणि मेलेली. माणूस मेला तर तिथंच पडलेला असतो. उचलून नेला तर नेणाऱ्याचे पाय खोल जातात. तसं काहीच नाही."

मी मागं वळून चढणीकडे बघितलं. मागं जाणं म्हणजे कालची चढण. ती चढताना सायल तीनदा ओठ पांढरे करून थांबला होता. ती परत चढायला लावली असती तर त्याला मारायला कपारीची गरज उरली नसती. पुढं फक्त दीड तासाची सपाट वाट, आणि तिच्या टोकाला पिकअप. मध्ये ती खिंड. दुसरी वाट नाही.

मला डोळ्यांसमोर रबीहा दिसत होती, माझं तोंड न बघणारी. आणि तिच्याही आधी सायल दिसत होता. मी सात वर्षांची असताना यानं मला खांद्यावर बसवून अंजिराच्या झाडापर्यंत नेलं होतं आणि याला मी इथं आणलं होतं.

"तो बसलाच नाही तर?" मी म्हटलं. "बसायलाच दिलं नाही तर? गाढवीवर घालू. पायच खाली नाही, तर ठसा कसला?"

अबू फ्रैजनं विचार केला. "पण तो बसेल का तिच्यावर?"

५

नाही बसला.

"मी?" सायल म्हणाला. "बायका पायी आणि मी गाढवावर? बैदाला माझा मुलगा उभा असणार. त्यानं बघायचं की बापाला पोत्यासारखं लादून आणलंय?"

"तुमची टाच दुखतेय," रबीहा म्हणाली. तिला काही ठाऊक नव्हतं, पण नवऱ्याला विरोध करायची संधी ती सोडत नाही.

"टाच माझी आहे. तिचं मी बघेन."

मी विनवण्या केल्या. डॉक्टरांचं नाव काढलं. तो ढिम्म. मग अबू फ्रैजनं छातीवर हात ठेवला आणि आमच्याकडच्या पुरुषांजवळ असतं ते शेवटचं हत्यार काढलं.

"अबू रअद, या खिंडीच्या पलीकडं पोचेपर्यंत तुझा पाय जमिनीला लागला, तर उम्म फ्रैजला माझा तलाक. तीन वेळा तलाक."

आमच्या भागात ही शपथ कुठंही निघते. पाहुण्यानं आणखी एक घास घ्यावा म्हणून निघते, हॉटेलातलं बिल कुणी भरायचं यावरून निघते. बायका बिचाऱ्या चाळीस चाळीस वर्षं दुसऱ्याच्या भुकेच्या भरवशावर संसार करतात. पण शपथ पडली की पडली. ऐकणाऱ्यानं ती मोडली तर परक्या बाईचं घर मोडल्याचं पाप त्याच्या माथी.

सायल लाल झाला. "अरे माणसा! ती बाई तिकडं बकऱ्यांचं दूध काढत असेल! तिचा काय संबंध?"

"आता तुझ्या पायाशी संबंध आहे."

"किती मुलं तुला तिच्यापासून?"

"नऊ."

सायलनं आभाळाकडे बघितलं, नऊ मुलांच्या आईसाठी एक मोठा सुस्कारा सोडला आणि आम्ही तिघांनी त्याला वर चढवला. जोरियानं मान वळवून त्याला नीट पाहून घेतलं. तिला तो पसंत पडला नाही.

६

खिंडीत सावली होती आणि गारवा. आवाज विचित्र येत होते. आमच्या पावलांचा आवाज आधी पुढून यायचा, मग आम्ही पाऊल टाकायचो. हे मी दोनदा तपासलं आणि तिसऱ्यांदा तपासायचं नाही असं ठरवलं. वर सायल गाणं म्हणत होता, उम्म फ्रैजला उद्देशून. तुझा संसार माझ्या दोन पायांवर उभा आहे, अशा अर्थाचं. रबीहा हसून हसून भिंतीला टेकत होती.

कपार उजव्या हाताला आली. आत वाळू पिठासारखी. मी बघणार नव्हते, पण बघितलं. मधोमध बसल्याची खूण होती, रुंद, दोन्ही बाजूंना तळहात. पाचही बोटं उमटलेली.

"सरळ चल," मी अबू फ्रैजला म्हटलं. "थांबू नकोस."

तो थांबला नाही. जोरिया थांबली. तिनं कान मागं टाकले आणि चारी पाय रोवले. अबू फ्रैजनं दोर ओढला, मी मागून ढकललं. तिनं अंग चोरून बाजूला उडी घेतली, थेट कपारीत, आणि मागचा भाग खाली टेकवला.

सायल घसरायला लागला. दुसरा कुणीही माणूस अशा वेळी पाय टेकवून उभा राहिला असता. सायलनं नाही टेकवले. "उम्म फ्रैज!" असं ओरडून त्यानं दोन्ही पाय हवेत उचलले आणि शेपटीवरून घरंगळत तो वाळूत बसला. बरोबर त्या खुणेवर. दोन्ही बाजूंना तळहात.

पाय अजून हवेतच होते.

"लागला का पाय?" त्यानं विचारलं.

"नाही लागला!" रबीहा किंचाळली. "बूड लागलं! बूड लागलं, पाय नाही! उम्म फ्रैज वाचली!"

ती हसत होती, तो हसत होता, खिंड हसत होती. अबू फ्रैज पांढराफटक पडला होता. शपथेत तो 'पाय' म्हणाला होता. नुसतं 'खाली उतरलास' म्हणाला असता तर सायलनं पाय टेकवले असते.

"उचला," मी म्हटलं. "आत्ता. असाच."

आम्ही तिघांनी त्याला काखेतून आणि मांड्यांखालून धरून उचलला आणि जोरियावर ठेवला. त्याचं वजन लागलं की नाही, मला आठवत नाही. मी तेव्हा रडत होते.

७

आणि मग, बाहेर उन्हात आल्यावर, मला उत्तर सापडलं. मी अबू फ्रैजचा दंड धरला.

"अरे, हेच! बसल्याची खूण आणि उठल्याची नाही, कारण तो उठलाच नाही! आपण उचलला! आणि तिघंच बाहेर आलो, कारण चौथा गाढवावर! सगळं जुळतं!" मला नाचावंसं वाटत होतं. आत जातानाची त्याची पावलं मी हिशेबात धरलीच नाहीत. "बघ, पुढच्या ठशांत गाढवीचे खूर बघ. बाहेर पडताना खोल गेलेले असणार."

अबू फ्रैजनं खाली बघितलं. पहाटेच्या खुरांकडे बघितलं, मग जोरियाच्या ताज्या खुरांकडे. दोन्ही सारखेच उथळ होते.

"चला," तो म्हणाला.

पुढं टेकडीच्या उतारावर ते पहाटेचे ठसे संपले. नुसती कोरी वाळू. लांबवर पिकअपची काच चमकत होती. सायल म्हणाला, खिंड संपली, शपथ फिटली, आता मला माझ्या मुलासमोर माणसासारखं जाऊ द्या. तो उतरला, कपडे झटकले आणि चालायला लागला. आधी मात्र त्यानं माझ्यापुढं मनगट धरलं.

"मोज. बघ, घाबरून वाढलीय का."

मी मनगट धरलं. ते गरम होतं. मी घड्याळाकडे बघत राहिले. बोटं दाबली नाहीत.

"बहात्तर," मी म्हटलं.

"तरणाताठा!" तो रबीहाला म्हणाला आणि दोघं पुढं झाली. ती त्याच्या कोटाच्या बाहीला धरून हलव्यावरून पुन्हा सुरू झाली होती. मी मागून चालत होते आणि सवयीनं खाली बघितलं.

रबीहाच्या सपातांची फुलं वाळूत नीट उमटत होती. मधेच ती पळत पुढं गेली, वळली, समोर उभी राहिली, पाय आपटला. तिच्या पावलांसमोर सपाट वाळू होती. रेघ नाही, टाच नाही, खिळा नाही. पुढं सायलचा आवाज खणखणीत येत होता, त्याची सावलीसुद्धा पडली होती. मी त्याच्या पायांकडे बघितलं. ते पडत होते, उचलले जात होते.

अबू फ्रैज माझ्या शेजारी आला. त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली, एक टोक हातात धरून दुसरं जमिनीवर सोडलं आणि त्यांच्या मागोमाग ओढत चालू लागला. रबीहाची फुलंही पुसली गेली. समोरून रअद हात हलवत धावत येत होता.

"तुझ्या भावाचं घर," अबू फ्रैजनं खालच्या आवाजात विचारलं, "जमीन मातीची की फरशीची?"

"फरशीची."

"आणि अंगण?"

"तिथंही फरशी आहे. गेल्या वर्षी रबीहानं हट्टानं बसवून घेतली."

"मग चालेल." त्यानं मागं वळून पुसलेली वाळू बघितली. "तफीलाला बर्फ पडतो ना?"

"जानेवारीत," मी म्हटलं.

त्यानं घोंगडीचं टोक दुसऱ्या हातात घेतलं.

"तेव्हा त्याला बाहेर सोडू नका. सर्दी होईल म्हणावं."